बारा मात्रा, तीन हात

फ्लॅमेंको, म्हणजे स्पेनचा तो टाचा वाजवत केलेला नाच, ॲनिमेशनसाठी रंगवायला बसलं की पहिली अडचण येते पायांची. हातांचं काही वाटत नाही. मनगट फिरतं, बोटं एकेक उलगडत जातात, कोपर डोक्याच्या वर जाऊन रेंगाळतं. या सगळ्याला वेळ लागतो, आणि ज्याला वेळ लागतो ते ब्रशच्या तावडीत सापडतं. पाय सापडत नाहीत. टाच, चवडा, बुटाचं टोक, पुन्हा टाच. नाचणारी रंगात आली की सेकंदाला आठ-दहा ठोके सहज पडतात. इकडे आपलं भांडवल किती, तर सिनेमाच्या २४ फ्रेम. त्यातही हाताने रंगवणारी माणसं काटकसरी, एक चित्र दोन-दोन फ्रेम चालवतात. म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. एक ठोका दिसायचा तर पाय उचललेलं एक चित्र हवं आणि टेकलेलं एक. सहा ठोके झाले की कागद संपले. सातवा ऐकू येतो, पण डोळ्यांपुढे ठेवायला काही नाही.

यावर भेटेल तो एकच सल्ला देतो: व्हिडिओ काढा आणि गिरवा. सल्ला शंभर वर्षांहून जुना आहे. मॅक्स फ्लायशरला १९१७ साली रोटोस्कोपचं पेटंट मिळालं ते याच युक्तीसाठी: खऱ्या माणसाचं चित्रीकरण काचेवर पाडायचं आणि एकेक फ्रेम गिरवत जायचं. चालणं, वळणं, खुर्चीत बसणं यात ते खपून जातं. गिरवलेला नाच मात्र तरंगतो. बाई जमिनीपासून दोन बोटं वर नाचतेय असं वाटत राहतं. जोरात खाली आलेला पाय कॅमेऱ्यात धूसर येतो, सगळा जोर त्या धूसरपणातच असतो, आणि गिरवणारा इमानदारीने तेवढंच पुसून छान स्वच्छ कड काढतो.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. पोटापाण्याचं ते. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही तिघांनी एक उद्योग मांडलाय: एक सोलेआ, म्हणजे फ्लॅमेंकोतला एक संथ, भारदस्त नाच, पोस्टर कलरने कागदावर रंगवायचा. तिघांपैकी एक माझी मैत्रीण. ती कथक शिकवते आणि आमच्यात तालाचं ज्ञान फक्त तिला आहे. तिसरे दादा. दादांची बरीच वर्षं मुंबईतल्या एका स्टुडिओत परदेशी मालिकांची इन-बिटवीन काढण्यात गेली. समुद्रापलीकडचा कुणीतरी महत्त्वाची दोन चित्रं काढायचा, हात खाली आणि हात वर. मधली सगळी चित्रं दादा काढायचे. मालिकेच्या शेवटी नावांची लांबलचक यादी धावायची, तिच्यात मधल्या चित्रांचा धनी कधी नसायचा. दादा हे तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. चहा पिता पिता सांगतात आणि पुढे म्हणतात, "पण हात वर जातो तो मधल्या चित्रांत जातो गं. शेवटच्या चित्रात तो नुसता वर असतो."

पायांवरचा तोडगा त्यांचाच. पाय सोडून द्या, म्हणाले. स्कर्टची झालर रंगवा. ठोका पडला की झालर जमिनीलगत उसळते आणि पाव सेकंद उशिरा खाली येते. तेवढ्यात दोन-तीन चित्रं आरामात बसतात. शिवाय ठोक्याचं चित्र आवाजाच्या एक फ्रेम आधी, फार तर दोन फ्रेम आधी ठेवायचं. बरोबर आवाजावर ठेवलं तर ते उशिरा आल्यासारखं दिसतं. हा नियम ॲनिमेशनवाल्यांच्या बोलण्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. आम्ही करून पाहिलं. आवाजावर बसवलेली टाच खरोखरच लंगडी वाटत होती. एक फ्रेम मागे ओढली आणि लाकूड वाजलं.

मला या नादाला लावलं ते स्पेनमधल्या वल्लादोलिद शहराने. भाची तिथे शिकायला होती म्हणून मी गेले होते. फ्लॅमेंको म्हटल्यावर लोक सेव्हिया सांगतात, ग्रानादा सांगतात, हेरेस सांगतात. वल्लादोलिद कुणी सांगत नाही. ते उत्तरेकडे, कास्तियात. थंडी कोरडी, लोक मोजकं बोलणारे. पण तिथे सान ग्रेगोरियोच्या जुन्या विद्यालयात स्पेनचं राष्ट्रीय शिल्प संग्रहालय आहे आणि त्यात सोळाव्या शतकातली लाकडी शिल्पं आहेत. दगड नाही, लाकूड, आणि त्यावर रंग. हुआन दे हुनीचं ख्रिस्ताच्या दफनाचं शिल्प आहे. माणसाहून थोड्या मोठ्या आकृत्या मृतदेहाभोवती गोळा झाल्यात, कपाळावर आठ्या, वस्त्रांच्या घड्या पिळवटलेल्या. आलोन्सो बेरुगेतेचे संत तर इतके लांबट आणि वळलेले की कुणीतरी त्यांना मध्येच "थांबा" म्हटलं असावं.

याच शिल्पांवर होसे वाल देल ओमार या ग्रानादाच्या माणसाने एक छोटा चित्रपट केला, 'फुएगो एन कास्तिया'. १९६१ मध्ये तो कानच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. चित्रपटात माणूस जवळजवळ नाहीच. अंधारात लाकडी चेहरे, आणि त्यांच्यावरून लपापणारा, पळणारा, पट्ट्यापट्ट्यांचा उजेड. उजेड हलतो, पण आपल्याला वाटतं संत हलले. जबडा आवळला, पापणी फडफडली. आणि ध्वनिपट्टीवर बोटांची, नखांची, लाकडावरची टकटक. ती टकटक करणारा माणूस व्हिसेंते एस्कुदेरो. फ्लॅमेंकोचा नर्तक, आणि जन्माने याच वल्लादोलिदचा.

एस्कुदेरो (१८८८–१९८०) हा अजब प्राणी. तरुणपणी पॅरिसला गेला आणि तिथल्या घनवादी, अतिवास्तववादी मंडळींत रमला. विजेच्या मोटारींच्या घरघरीवर नाचून दाखवलं. सेगिरिया हा फ्लॅमेंकोतला अत्यंत गंभीर गायनप्रकार. त्यावर कुणी नाचत नसे, नाचायची छाती होत नसे. त्यावर पहिल्यांदा नाचला तो एस्कुदेरो. आणि हाच माणूस १९५१ मध्ये पुरुषांच्या नाचासाठी दहा नियम लिहून काढतो, तेही कसे? संयम हवा. कंबर हलता कामा नये. मनगट आतून बाहेर फिरवायचं, बोटं जुळलेली ठेवून. बुटाला पत्रे ठोकायचे नाहीत, खोटे मंच लावायचे नाहीत, आवाजातलं वैविध्य काळजातून काढायचं. मोटारीवर नाचलेला माणूस परंपरेचा पहारेकरी झाला यात मला विसंगती वाटत नाही. ज्याने सगळं करून पाहिलंय त्यालाच काय टाकायचं ते कळतं.

तो चित्रंही काढायचा. १९५० साली त्याचं एक पुस्तक निघालं, त्याचं नावच 'नाचणारं चित्र' अशा अर्थाचं. त्याच्या रेखाटनांत नर्तकाला चेहरा नसल्यातच जमा, अंगही नीटसं नाही; चार-पाच रेघांत खांदा कुठे गेला, वजन कुठल्या पायावर आहे, एवढंच. शरीरशास्त्राच्या परीक्षेत नापास व्हावा असा हात. पण रेघ कुठून सुरू झाली आणि कुठे दाबली गेली हे बघितलं की ठेका सापडतो. बाहेरून पाहणाऱ्याचं चित्र वेगळं असतं. जॉन सिंगर सार्जंटचं 'एल हालेओ' घ्या: १८८२, साडेतीन मीटर रुंद, आता बॉस्टनच्या गार्डनर संग्रहालयात. सार्जंट १८७९ मध्ये स्पेन हिंडून आला आणि पॅरिसच्या स्टुडिओत ते रंगवलं. मागे झुकलेली नर्तिका, एका हाताने घागरा उचललेला, दुसरा हात ताठ पुढे, भिंतीवर गिटारवाल्यांच्या सावल्या. रिकाम्या खुर्चीवर एक संत्रं. चित्र जबरदस्त आहे, वाद नाही. पण त्यात मला सगळ्यांत आवडतं ते संत्रंच. ते तालाबाहेर आहे, त्याला काही सिद्ध करायचं नाही.

'दुएन्दे', म्हणजे कलाकाराच्या अंगात संचारणारी म्हणतात ती गूढ शक्ती, तिच्यावर मी लिहिणार नाही. फ्लॅमेंकोवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला तिसऱ्या परिच्छेदात स्पॅनिश कवी लोर्काचं तिच्यावरचं ते १९३३ चं व्याख्यान आठवतं आणि मग पाय, लाकूड, घाम सगळं धुक्यात जातं.

दुसरीही एक गोष्ट उरकून टाकते. आपल्याकडे फ्लॅमेंकोचं नाव काढलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "ते आपल्या कथकपासूनच निघालंय." रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणतात त्या लोकांची भाषा भारतीय कुळातली आहे, त्यांचे पूर्वज वायव्य भारतातून निघाले, हे खरं. पण स्पेनमध्ये ते पंधराव्या शतकात पोचले आणि आज ज्याला फ्लॅमेंको म्हणतात ते दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियात घडलं: हितानोंच्या, म्हणजे तिथल्या रोमांच्या घरांत, गावगाड्याच्या गाण्यांतून, अरबी-ज्यू वस्त्यांच्या उरल्यासुरल्या सुरांतून, आणि एकोणिसाव्या शतकात सेव्हियासारख्या शहरांतल्या गाण्याच्या कॅफेंत पैसे मोजून बसलेल्या गिऱ्हाइकांपुढे. आज ज्याच्यावाचून पान हलत नाही तो काहोन, तो लाकडी खोका, तर गिटारवादक पाको दे लुसियाने १९७०च्या दशकात पेरूहून आणला. अशा कलेला एकच आई चिकटवून कुणाचाच मान वाढत नाही. माझ्या कथकवाल्या मैत्रिणीला हे वाक्य ऐकलं की राग येतो. तिचं म्हणणं, नात्याचं राहू दे, आधी मोजून दाखवा.

तर मोजणं. सोलेआचा कंपास, म्हणजे तालाचं आवर्तन, १२ मात्रांचं. आपला एकतालही १२ चा. इथवर सगळे खूश. पण एकतालात समेवर यायचं म्हणजे एकवर यायचं. धिं धिं धागे तिरकिट करत फिरून एकवर उतरलं की श्रोता मान हलवतो. सोलेआत जोर पडतो ३, ६, ८, १० आणि १२ वर. म्हणजे आधी तीन-तीनचे दोन घास, मग दोन-दोनचे तीन. आणि वाक्य बंद होतं ते दहावर. अकरा-बारा शेपूट, श्वास घ्यायची जागा. मैत्रिणीच्या अंगात लहानपणापासून तो 'एक' मुरलेला आहे. दहावर थांब म्हटलं की तिचा पाय थांबतो, पण खांदा पुढे झुकलेला राहतो, एकच्या ओढीने. मी तो खांदा मुद्दाम रंगवला. ती म्हणाली, "हे चूक आहे, कुणी फ्लॅमेंकोवाली असं उभी राहणार नाही." खरं आहे. पण आमची बाई सेव्हियाची असल्याचं सोंग कशाला करायचं?

मग हिशेब मांडला. मिनिटाला ८० मात्रांची लय धरली तर एक मात्रा १८ फ्रेमची, म्हणजे ९ चित्रं. बारा मात्रांची झाली १०८ चित्रं. जपमाळेचा आकडा निघाल्यावर दादांनी खरोखर हात जोडले. सोलेआच्या शेवटी नाच बहुधा बुलेरिया या भरधाव प्रकारात जातो. मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर मात्रेला उरतात फक्त तीन चित्रं, अख्ख्या आवर्तनाला ३६. कागद कमी, डोकेदुखी तिप्पट. आणि सोलेआतसुद्धा मात्रेच्या पोटात चार ठोके टाकले की नऊला चाराने भाग जात नाही. लय थोडी वाढवून ९० केली तर मात्रेला ८ चित्रं येतात आणि चारही ठोक्यांना दोन-दोन नेमकी मिळतात. कागदावर हे फार सुबक दिसलं. मग मैत्रिणीने टाळ्या वाजवून रेकॉर्ड केल्या, तेव्हा सातव्या-आठव्या मात्रेच्या मध्ये ती दर आवर्तनाला किंचित ओढत होती आणि दहाच्या आधी ते फेडत होती. मी म्हटलं, मेट्रोनोमवर वाजव. दादा म्हणाले, "नको. आपण चित्रं तिच्या मागे नेऊ." त्यामुळे आमच्या एक्स-शीटवर, म्हणजे कुठल्या फ्रेमला कुठलं चित्र त्याच्या तक्त्यावर, कुठे मात्रा १६ फ्रेमची आहे, कुठे १७, आणि आठवी १९.

टाळ्या म्हणजे पाल्मास. आमच्या सगळ्या उद्योगाची किल्ली त्यांच्यातच निघाली. तब्लाओत, म्हणजे फ्लॅमेंकोच्या छोट्या मंचावर, बाजूला दोन-तीन माणसं खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवत असतात. पाहुण्यांना वाटतं, भरतीची माणसं. ती नसतील तर नाच कोसळेल. दोन प्रकार ठळक: बोटं तळव्यावर आपटून काढलेली कडक, मोकळी टाळी, आणि दोन्ही तळवे खोलगट ठेवून काढलेली दबकी टाळी. गाणारा गात असला की दबकी, पाय सुटले की कडक. आणि महत्त्वाचं म्हणजे दोघं एकच वाजवत नाहीत. एक मात्रेवर असतो, दुसरा मात्रांच्या मधल्या फटीत. दोघांच्या टाळ्या एकमेकींत दात्यांसारख्या बसतात, आणि तिसरंच काही धावत सुटतं जे दोघांपैकी कुणीही वाजवत नाहीये. मध्येच "ओले", "वामोस", "एसो एस" चालू असतं. हातात छडी घेतलेला कुणी नसतो. नर्तिका पायांनी एक ठरावीक हाक देते, तिथून गाणं सुरू होतं किंवा तुटतं. सगळे तिच्याकडे बघत असतात आणि ती गाणाऱ्याकडे.

आता हे हाताने रंगवणाऱ्यांच्या शेजारी ठेवून बघा. खूप जणांनी मिळून रंगवायचं तर धंद्याचा पहिला नियम असा की सगळ्यांचा हात एक दिसला पाहिजे. २०१७ चा 'लव्हिंग व्हिन्सेंट' हा व्हॅन गॉगवरचा चित्रपट त्याचा कळस. सुमारे ६५,००० फ्रेम, सगळ्या तैलरंगात, १२५ चित्रकार. निवडीसाठी पाच हजारांवर लोकांनी अर्ज केले होते. आधी नटांना घेऊन चित्रीकरण, मग त्यावरून कॅनव्हासवर रंगवणं. एका शॉटला एक कॅनव्हास: रंगवा, फोटो घ्या, जेवढं हललं तेवढं खरवडा, पुन्हा रंगवा. शॉट संपला की शेवटचं चित्र तेवढं शिल्लक. एवढ्या माणसांनी दिवसचे दिवस एका मेलेल्या माणसाचा हात स्वतःच्या मनगटात बसवला, याबद्दल मला आदर आहे, थोडी धडकीही आहे. गोष्टच व्हॅन गॉगची असल्यामुळे तिथे ते चालून जातं. पण नाच रंगवताना हा आग्रह मला पटत नाही. १२५ जणांच्या टाळ्या तंतोतंत एकावेळी पडल्या तर मोठ्ठा आवाज होईल. पाल्मास होणार नाहीत.

उलट टोकाची माणसंही आहेत. नॉर्मन मॅकलॅरन आणि एव्हलिन लॅम्बार्ट यांनी १९४९ मध्ये कॅनडात ऑस्कर पीटरसनच्या जॅझवर थेट फिल्मच्या पट्टीवर रंग ओतला, खरवडला, धूळही चिकटवली. फ्रेमच्या रेघा बऱ्याच ठिकाणी जुमानल्याच नाहीत. दोघांपैकी कुणाचा हात कुठला हे सांगता येत नाही आणि विचारावंसंही वाटत नाही. सान सेबास्तियानचा बास्क चित्रकार होसे आंतोनियो सिस्तियागा याने १९७० साली ७५ मिनिटांचा सिनेमा असाच पट्टीवर हाताने रंगवला, आणि तो मुका ठेवला. ७५ मिनिटांच्या फ्रेम १,०८,००० होतात. हा आकडा मी दादांना सांगितला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि "एकट्याने?" एवढंच विचारलं.

आपल्याकडे मुंबईत गीतांजली राव यांनी दोन्ही करून पाहिलंय. जे. जे.मधून बाहेर पडलेल्या या बाईंनी 'प्रिंटेड रेनबो' हा पंधरा मिनिटांचा चित्रपट जवळजवळ एकटीने रंगवला. २००६ मध्ये कानच्या क्रिटिक्स वीकमध्ये त्याचं कौतुक झालं. पुढे २०१९ चा 'बॉम्बे रोझ' मात्र साठेक कलाकारांनी मिळून फ्रेम-फ्रेम रंगवलेला, कॉम्प्युटरवर पण हातानेच. त्यात रस्त्यावरची गर्दी बघावी. कडा किंचित थरथरत असतात.

ही थरथर म्हणजे आमच्या कामातली कायमची कटकट. तेच चित्र दुसऱ्यांदा रंगवलं की रंग कुठे जाड बसतो, कुठे पातळ. पडद्यावर चित्रं पळवली की आकृती उकळत्या पाण्यासारखी खदखदते. स्टुडिओत हा दोष मानतात आणि तो घालवण्यावर पगार असतो. आम्हा तिघांच्या बाबतीत तर विचारू नका. दादांची रेघ बारीक, थंड, हिशेबी. माझा ब्रश ओला आणि उतावळा. मैत्रीण चित्रकार नाहीच. ती रंग बोटाने फासते, पण वजन कुठे आहे ते तिला आमच्यापेक्षा जास्त कळतं. पहिल्यांदा आम्ही काम धंद्याच्या पद्धतीने वाटलं: मी आकृती, दादा मधली चित्रं, तिने पार्श्वभूमी. निघालं ते नीटनेटकं आणि निर्जीव. तिघांचा एक मिळमिळीत हात झाला होता.

मग मैत्रीणच म्हणाली, मात्रांनी वाटूया. जोराच्या मात्रा, ३, ६, ८, १०, १२, एकाच्या, बाकीच्या दुसऱ्याच्या, आणि दोन मात्रांच्या सांध्यावरची चित्रं तिसऱ्याची. कुणीही दुसऱ्यासारखं रंगवायला जायचं नाही. थरथर घालवायची नाही, तालात बसवायची. पहिलं आवर्तन लॅपटॉपवर फिरवलं तेव्हा आवाज बंद होता, आणि तरी मोजता येत होतं: बारीक, बारीक, ओला, बारीक, बारीक, ओला, बारीक, ओला, बारीक, ओला, बारीक, ओला. शेजारच्या खोलीतून माझा मुलगा आला. त्याला फ्लॅमेंकोतलं काही कळत नाही. तो उभ्या उभ्या मांडीवर बोटं वाजवायला लागला, आणि दहावर त्याने मान हलवली.

थांबण्याचं प्रकरण राहिलं. सोलेआत नर्तिका पायांचा कडकडाट करत येते आणि दहावर एकदम उभी राहते. सगळा जीव त्या उभं राहण्यात असतो. पडद्यावर तिला थांबवायचं तर एकच चित्र धरून ठेवणं हा सोपा मार्ग, पण आजूबाजूला इतकं खदखदत असताना ते एक चित्र फोटोसारखं मरून पडतं. म्हणून तीच मुद्रा तिघांनी आपापल्या हाताने रंगवली आणि ती तीन चित्रं आळीपाळीने फिरवली. बाई हलत नाही. पण दादांच्या चित्रात तिचा गळा ताणलेला आहे, माझ्यात घागऱ्याचा लाल रंग ओघळलाय, आणि मैत्रिणीच्या चित्रात चेहरा जवळजवळ नाहीच, फक्त डाव्या टाचेखाली काळा रंग इतका जाड फासलाय की स्कॅनरची काच दोनदा पुसावी लागली. तिन्ही मिळून ती श्वास घेते. एस्कुदेरोच्या दहा नियमांत संयम आहे तो असा काहीसा असावा असं मला वाटतं, अर्थात तो पुरुषांसाठी लिहून गेला आणि आमच्या बाईने त्याची परवानगी घेतलेली नाही.

दहापर्यंत आमचं एकमत आहे. भांडण आहे ते अकरा-बारावर. माझ्या मते तिथे काहीच रंगवू नये, कागदाचा पांढरा तेवढा दिसू द्यावा, पुढचं आवर्तन आपोआप सुरू होईल. मैत्रिणीला तिथे तोच पुढे झुकलेला खांदा हवाय, जो तिने आधी चूक ठरवला होता. आता म्हणते, तो नसेल तर बाई एकवर पोचणारच नाही. दादांचं म्हणणं, अकरा आणि बारा म्हणजे दहा आणि एक यांच्या मधली चित्रं, आणि मधल्या चित्रांवरचा हक्क ते कुणाला देणार नाहीत.

"दादा, पण तुम्ही तिथे नक्की काय काढणार?"

"ते तुम्ही एक आणि दहा पक्के करून द्या, मग बघतो," ते म्हणाले, आणि पेग बारवर, म्हणजे कागद जागेवर धरणाऱ्या खुंट्यांच्या पट्टीवर, कोरा कागद अडकवून पेन्सिलीला टोक काढायला लागले.